झेंडूची माळ घातलेलं कुंपण

मी कुरी. जपानातल्या सेंदाई शहराहून बसने यावं लागतं अशा एका खेड्यात राहणारा तांबूस, बुजरा घोडा. माझा जन्म मोठ्या शर्यतींसाठी झाला, पण तिथल्या घोड्यांपुढे मी फारच सावकाश निघालो. मग ताकाहाशी-साननी, म्हणजे ताकाहाशीरावांनी, मला त्यांच्या तबेल्यात आणलं.

इथे दर शनिवारी वृंदा येते. तिचा नवरा विजयकुमार सेंदाईच्या विद्यापीठात संशोधन करतो आणि ती इथे बाइतो, म्हणजे फावल्या वेळची नोकरी करते. लीद काढते, मला खरारा करते आणि सगळा वेळ माझ्याशी मराठीत बोलते. ताकाहाशी-साननी तिला घोड्यावर बसायलाही शिकवलं.

भाताची कापणी झाली की गावात हौशी लोकांची शर्यत भरते. नदीकाठच्या गवतात कुंपणं उभारतात आणि त्यांवरून उड्या मारत धावायचं असतं. गेल्या वर्षी शेवटच्या कुंपणापाशी मी तीनदा अडलो. तीनदा अडलं की बाद. त्या पांढऱ्या फळ्या मला कुणीतरी दात विचकल्यासारख्या दिसायच्या. यंदा माझ्यावर वृंदा बसणार होती. ताकाहाशी-सान तिला म्हणाले होते, "आजही बाद झाला, तर याच्या उड्या बंद." तिने मान डोलावली आणि माझ्या खोगिराचा पट्टा पुन्हा एकदा तपासला.

बांधावर चटई पसरून घरचे बसले होते. विजयकुमार, त्यांची मुलगी अबोली आणि कराडहून आलेल्या वृंदाच्या सासूबाई, अरुणाताई. डब्यात तिखटमिठाच्या पुऱ्या.

"पडू नकोस गं बाई!" अरुणाताई वृंदाला म्हणाल्या.

"आई, तुम्ही घाबरवू नका ना."

"मी कुठे घाबरवतेय? हेल्मेट नीट घाल म्हणतेय."

त्या दिवशी दसरा होता. अरुणाताईंनी माझ्यासाठी झेंडूची माळ केली होती. ती गळ्यात घालून धावता येणार नाही म्हटल्यावर त्या सरळ शेवटच्या कुंपणाकडे गेल्या. तिथल्या म्हाताऱ्या पंचांना मराठी येईना, यांना जपानी. दोघं एकमेकांना वाकून वाकून नमस्कार करत राहिले आणि त्यातच परवानगी मिळाली. कुंपणाला हळदकुंकू लागलं, माळ बांधली गेली. "आज ज्याच्याशी काम, त्याची पूजा," असं म्हणत त्या परतल्या.

शर्यत सुटली. बाकीची कुंपणं मी मजेत ओलांडली. शेवटचं दिसलं आणि मी पाय रोवले. तेवढ्यात झेंडूचा वास आला. मान पुढे करून मी एक फूल खाल्लं. मग आणखी एक.

बांधावर हशा पिकला. "आई, बघ, तुझी पूजा खातोय तो!" विजयकुमार ओरडला.

"खाऊ दे! सणाचं उपाशी ठेवता काय त्याला?"

पंचांनी एक बोट वर केलं. एकदा अडला. वृंदाने लगाम ओढला नाही की टाच मारली नाही. मानेवर थाप मारून म्हणाली, "बघून घे बाबा, नीट बघून घे."

मी पाहिलं. दात नव्हतेच. नुसत्या फळ्या, हळद लागलेल्या.

मग मीच वळून थोडा मागे गेलो, कुंपणाकडे धाव घेतली आणि उडी मारून पलीकडे उतरलो.

आम्ही सगळ्यांत शेवटी आलो. तरी अबोली जपानीत ओरडत नाचत होती, वृंदा माझ्या आयाळीत तोंड लपवून हसत-रडत होती, आणि ताकाहाशी-सान म्हणाले, "पुढच्या वर्षीही याचं नाव घालू."

आता मी तबेल्यात सुखाने वैरण चघळतोय. तुमच्याकडे एवढंच मागणं. एखादा बुजरा जीव अडला, तर त्याला मागून रेटू नका. जवळून बघू द्या. धाव तो स्वतःच घेईल.