मामाचं लाल कापड

सकाळी नऊच्या सुमाराला मासळीच्या तळ्यांवरून वारा सुटला आणि पेइचननं दोन आठवडे खपून केलेली कागदी फुलांची भिंत मांडवातून उडून थेट शेजाऱ्याच्या तळ्यात जाऊन पडली. तळ्यातले मासे आधी बिचकले, मग फुलं कुरतडायला वर आले.

पेइचन ही लीश्वेची थोरली लेक, काओशुंग शहरात छपाईच्या दुकानात कामाला. धाकट्या बहिणीच्या, यीरोंगच्या लग्नात आपल्याकडून काय, तर पाहुण्यांसाठी गमतीच्या फोटोंचा एक कोपरा, असं तिनं मनाशी पक्कं केलं होतं. तिपाईवर कॅमेरा, शेजारी छोटं छपाईयंत्र, टोपलीत कागदी मिशा, मुकुट, ताटाएवढे चष्मे. फोटो काढायचा, दोन प्रती निघतील, एक पाहुण्यानं घरी न्यायची, दुसरी वहीत चिकटवून खाली चार ओळी लिहायच्या. लीश्वे आधी म्हणाली होती, "अगं, लग्न आहे की जत्रा?" पण लेकीचा उत्साह बघून गप्प बसली. लेकरानं मनापासून केलेल्या कामाला नाही म्हणू नये, हे तिला देवापुढे बसूनच कळलं होतं.

भिंत बुडाली तेव्हा लीश्वे देवघरात उदबत्त्या लावत होती. रोजचा नेम तिनं मुलीच्या लग्नाच्या दिवशीही मोडला नाही. समुद्राची देवी माझूमाता, तिच्यापुढे तीन उदबत्त्या, पूर्वजांपुढे तीन, मग निरामिष पेज, आणि दुपारपर्यंत तोंडून खोटं काही जाऊ द्यायचं नाही. पेज संपते न संपते तोच आचाऱ्यानं हाक मारली, "वहिनी, खेकड्याचा भात टेबलामागे एक टोपलं की दोन?" तिथून ती तांदळात, आल्यात आणि भांड्यांत जी अडकली ती अकरालाच मोकळी झाली.

बाहेर येऊन बघते तर फोटोच्या कोपऱ्यापुढे वीस माणसांची रांग. शहाऐंशीची आतेसासू डोक्यावर मुकुट घालून उभी, तिच्या शेजारी ग्रामसभेचा अध्यक्ष मिशी लावून. सगळा मांडव हसत होता. लीश्वेला भरून आलं. आणि मग तिची नजर त्यांच्या मागे गेली.

मागे लालभडक कापड ताणून बांधलं होतं, त्यावर सोनेरी अक्षरं.

ते तिच्या थोरल्या भावानं, थ्येनफूनं पाठवलेलं कापड होतं. भाचीच्या लग्नात मामानं द्यायचं, आणि घरानं देवघरात सगळ्यांच्या वर टांगायचं. आभाळात देव थोर, भुईवर मामा थोर, ही म्हण या गावात कुणी गमतीनं म्हणत नाही. मामा मानाच्या टेबलावर बसल्याशिवाय फटाका लागत नाही, आणि फटाका लागल्याशिवाय पहिलं ताट येत नाही. सहा वर्षांपूर्वी चुलतबहिणीच्या मुलीच्या लग्नात थ्येनफूची खुर्ची मांडवाच्या खांबाआड आली होती. तो एक शब्द न बोलता उठला आणि पाच कोस चालत घरी गेला. ते जेवण दुपारी तीनपर्यंत सुरू झालं नव्हतं.

"पेइचन, हे कापड कुठून काढलंस?"

"देवघराच्या बाकावर घडी करून ठेवलं होतं. मांडववाल्यांचं असेल म्हटलं. काय झालं? फोटोत किती उठून दिसतंय बघ!"

"अगं, ते मामाचं आहे!"

पेइचनचा हात कॅमेऱ्यावरच राहिला. "मामाचं? पण त्यावर नाव कुठंय?"

नाव नव्हतंच. देणाऱ्याच्या नावाची सोनेरी अक्षरं वेगळ्या पाकिटात येतात, ती खाली टाचायची असतात. पाकीट लीश्वेनं देव्हाऱ्यावर ठेवलं होतं, उदबत्ती झाली की स्वतःच्या हातानं टाचीन म्हणून. उदबत्ती झाली आणि खेकडे आले. दोष लेकीचा नव्हता.

"सोडवू पटकन? मामा यायला अर्धा तास आहे," पेइचन कुजबुजली.

"आणि वहीतले फोटो?"

पेइचननं वही उघडली. चाळीस फोटो, चाळिसांतही ते कापड, त्याच्यापुढे मिशा, चष्मे, आणि एका पाहुण्यानं तर जीभ बाहेर काढलेली.

"मग वही लपवते. आज नवी लावू, काहीतरी सांगू."

"काहीतरी म्हणजे खोटंच ना?" लीश्वे हळूच म्हणाली. आई गेल्यावर दोन वर्षांत भावाबहिणीचं येणंजाणं विरळ झालं होतं. भांडण नव्हतं, नुसतंच थंडावलं होतं. या लग्नासाठी ती मिठाईचे खोके घेऊन दोनदा त्याच्या दारात गेली होती, तेव्हा कुठे तो म्हणाला होता, "येतो." त्या येण्याच्या बदल्यात त्याला फसवायचं? तिनं देव्हाऱ्यावरचं पाकीट उचललं, पदराआड धरावं तसं छातीशी धरलं आणि गल्लीच्या तोंडाशी जाऊन उभी राहिली.

थ्येनफू कोटाची सगळी बटणं लावून आला, मागून त्याची बायको, लीश्वेची वहिनी.

"दादा, आत जाण्याआधी ऐक. तुझं कापड चुकून फोटोच्या कोपऱ्यात लागलंय. चूक माझी. पोरीला ठाऊक नव्हतं."

"फोटोच्या कोपऱ्यात?"

"लोक मिशा लावून फोटो काढतात. तिथं."

वहिनी म्हणाली, "अगं बाई!" आणि नवऱ्याच्या तोंडाकडे बघू लागली. थ्येनफू सरळ मांडवात गेला. रांगेतली माणसं बाजूला झाली, हसणं आपोआप विरलं. आतेसासूनं हळूच मुकुट काढून मांडीवर ठेवला. मधेच कुणीतरी बोललं, "आता आटोपलं जेवण."

त्यानं कापड वरपासून खालपर्यंत बघितलं. मग वही मागितली. पेइचननं ती दोन्ही हातांनी दिली. तो पान उलटत राहिला, एक, दोन, सात. सगळे ओळखीचेच चेहरे होते. तळ्यावर त्याच्या बरोबरीनं जाळी ओढलेले म्हातारे, लहानपणी त्याच्या आईकडे पेज प्यायला येणाऱ्या बाया. लीश्वेचे ओठ हलत होते, ती माझूमातेचं नाव घेत होती.

"या चाळीस फोटोंत," थ्येनफू शेवटी म्हणाला, "माझं नाव कुठंय?"

त्यानं वही मिटली.

"उद्या पोरगी ही वही सासरी उघडणार. लोक म्हणतील, कापड छान आहे, कुणी दिलं? नवऱ्यामुलाच्या मामानं दिलं असेल! त्याचं तोंड बघितलंय का? रुमालसुद्धा देणार नाही तो."

लीश्वेनं पाकीट पुढे केलं. "नाव इथं आहे, दादा. मीच विसरले."

"टाचण्या?"

"आहेत."

मामा कोट काढून स्टुलावर चढला. एकेक अक्षर त्यानं स्वतः टाचलं. पेइचन खालून सांगत होती, "डावीकडे, मामा. अजून. कॅमेऱ्यात कापलं जातंय." सगळं झाल्यावर तो उतरला आणि रांगेकडे वळला. "जेवणाआधी हे वर देवघरात जाईल. तोवर चाळीसच्या चाळीस पुन्हा काढा."

"पुन्हा?" अध्यक्षाच्या घशातून आवाज निघाला.

"मिशीसकट. आणि तुम्ही जरा वाकून उभे राहा, तुमचं टक्कल माझ्या आडनावावर येतंय."

मांडव खदखदून हसला. आतेसासूनं मुकुट परत चढवला.

आचारी पळी घेऊन बाहेर आला. "मामा, बसता का? मासे थंड झाले तर माझं नाव जाईल!"

"तुझं नाव गेलं तर फक्त संध्याकाळपर्यंत. माझं चाळीस पानांतून गेलंय. थांब."

पंधरा-सोळा झाले तेव्हा त्याचा आवाज जरा मऊ झाला. "तू नाही काढलास ग?" त्यानं विचारलं.

"मला काय त्याचं," लीश्वे म्हणाली.

"ये."

दोघं कापडापुढे उभी राहिली, सरकारी कार्डासाठी फोटो काढायला उभं राहावं तशी ताठ. मधे हातभर जागा.

"मामा, जवळ या," पेइचन म्हणाली. थ्येनफू बोटभर सरकला. "अजून." आणखी बोटभर. शेवटी वहिनीनं मागून येऊन दोघांच्या पाठीवर एकेक तळवा ठेवला आणि ढकललं. खांदे एकमेकांना लागले. लीश्वेला भावाच्या कोटातला कापराचा वास आला, आणि का कोण जाणे, तिला हसू आवरेना. ती हसली म्हणून तोही हसला. यंत्रानं तेवढ्यात टिपून घेतलं.

"डोळे मिटलेत माझे," प्रत हातात घेऊन थ्येनफू म्हणाला. "दुसरा काढ."

"दादा, मासे!"

"एकच."