हाकलल्याच्या नोंदी

कागद अपुरा असला की समोरचा माणूसच अपुरा, असं मानणारे कारकून प्रत्येक कचेरीत असतात. दाखल्यांच्या खिडकीवरच्या कारकुनाला तर लोक 'पुरावेसाहेब'च म्हणत. ते लाच खात नसत, आणि त्याचाच त्यांना भारी माज होता.

त्या दिवशी सुऱ्या-कात्र्यांना धार लावणारी म्हातारी तिसऱ्यांदा आली. सोबत नात होती. नर्सिंगला तिचा नंबर लागला होता. राखीव जागेसाठी जमातीचा दाखला आज पाचच्या आत कॉलेजात द्यायचा होता.

"आजी, एका ठिकाणी पन्नास वर्षं राहिल्याचा पुरावा आणा, असं दोनदा सांगितलं ना?"

"दोन रात्रींच्या वर कुणी राहू दिलं असतं, तर आणला असता की, साहेब."

"ते मला नका सांगू. काहीतरी सरकारी कागद असेलच ना?"

"हाय ना!" म्हातारीने पिशवीतून नकला काढल्या. याच शहरातल्या पोलीस ठाण्याचं जुनं रजिस्टर. नातीने अर्जांवर अर्ज करून मिळवलेलं. पानापानावर जमातीचं नाव, म्हातारीच्या बापाचं नाव, तारीख, आणि शेवटच्या रकान्यात एकच शेरा: हाकलले.

साहेब हसले. "अहो, हा राहिल्याचा नाही, हाकलल्याचा पुरावा झाला! नियमात बसत नाही."

मागच्या टेबलावरून रेकॉर्ड सांभाळणाऱ्या बाई उठल्या. निवृत्तीला दोन महिने उरलेल्या, कुणाच्या अध्यात ना मध्यात.

"साहेब, इथे नसलेल्या माणसाला इथून हाकलता येतं का हो? यांना कुठेच टिकू दिलं नाही, म्हणून तर राज्यघटनेच्या आधारे यांना वेगळं संरक्षण मिळालं. हाकलताना यांची जमात बरोबर ओळखलीत, आणि हक्क द्यायचा म्हटलं की ओळख पटत नाही? नियमात 'कोणतीही जुनी शासकीय नोंद' असं स्पष्ट आहे. काढा पुस्तक!"

साहेबांनी पुस्तक काढलं. नियम खरंच तसा होता! त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी घाईघाईने दाखला लिहिला, सही केली, शिक्का मारला.

पाच वाजून वीस मिनिटं झाली होती. नातीने कॉलेजला फोन लावला. जागा पुढच्या मुलीला गेली होती.

"बाई," नात शांतपणे म्हणाली, "मागच्या दोन्ही वेळी तुम्ही इथेच बसला होतात ना?"

बाई खाली बघत आपल्या टेबलाकडे वळल्या.

त्या दोघी गेल्यावर साहेबांनी कपाट उघडलं. नामंजूर अर्जांचा गठ्ठा काढला आणि एकेकाला परत बोलवायला पत्रं लिहायला बसले. पहिल्या अर्जावर पत्ता नव्हता. दुसऱ्यावरही नव्हता. साहेबांना रडू आवरेना.

मंडळी, घटनेने समानता दिली, की आपलं काम संपलं असं आपण धरून चालतो. ती अडते आपल्यापाशी: नियम न वाचणाऱ्यापाशी, आणि वाचूनही गप्प बसणाऱ्यापाशी. तेव्हा ज्याला माहीत आहे, त्याने पहिल्याच दिवशी बोलावं. तिसऱ्या दिवशी बोललेलं खरं असलं, तरी त्या मुलीच्या काही कामाचं नव्हतं.