चेंडू फेकणारी दांडी

मित्रांनो, मी अंगठ्याच्या एका पेराएवढी आहे. डोक्यावर रबराची गोल टोपी, टोपीच्या मधोमध छोटा खळगा. तुमच्या व्हिडिओ गेमच्या कंट्रोलरवर उजवीकडे जी दांडी असते ना, तीच मी. माझी टोपी आता कडेनं झिजून गुळगुळीत झाली आहे आणि मी कामावरही नाही. पण बोलायची हौस काही गेली नाही, तेव्हा जरा ऐका.

माझा जन्म एका लांबलचक टेबलावर झाला. टेबलाशी ओळीनं बसलेल्या बायकांची बोटं भलती चपळ होती. एकीनं माझ्या पोटात स्प्रिंग बसवली, दुसरीनं दोन बारीक पट्ट्या बसवल्या, एक आडवी आणि एक उभी. मी कुठे झुकले आणि किती झुकले, हे या पट्ट्या सांगतात. शेवटच्या बाईंनी मला तीनदा गरगर फिरवून सोडून दिलं. मी आपली मुकाट्यानं मधोमध येऊन उभी राहिले. "गुणी आहे," असं म्हणून त्यांनी पुढची उचलली. माझं पहिलं कौतुक ते.

शेजारच्या बटणांचा मला कधी हेवा वाटला नाही. बटणाला दोनच गोष्टी कळतात, दाबलं किंवा नाही दाबलं. मला 'थोडंसं' कळतं. 'आणखी किंचित' सुद्धा कळतं.

मी ज्या घरी आले तिथे एक मुलगी होती. सतत काहीतरी वाहून नेत असायची, म्हणून तिला सगळे मुंगी म्हणायचे. मुंगीला बेसबॉलच्या गेमचं वेड होतं, आणि तो गेम म्हणजे माझं माहेरच! डावीकडची दांडी माझी बहीण. खेळाडूंना पळवायचं काम तिचं, चेंडू फेकायचं काम माझं. मैदानात चार बेस, म्हणजे धावत गाठायचे थांबे, असतात. चेंडू हाती आला की मला उजवीकडे झुकवायचं, की तो पहिल्या बेसकडे जातो. वर केलं की दुसरा, डावीकडे तिसरा, आणि खाली ओढलं की शेवटचा, ज्याला होम म्हणतात.

पण खरी कसोटी फलंदाजाला चेंडू टाकताना. मला हळूच मागे ओढायचं. पडद्यावर एक गोल आकसत येतो. तो पुरता आकसला की मला सरळ पुढे लोटायचं. घाई झाली तर चेंडू ढिला पडतो. अंगठा जरा तिरका गेला तर चेंडूही तिरका जातो. मुंगीचा अंगठा असा काही चालायचा की काय सांगू! तीन वर्षं आम्ही दोघींनी मिळून भल्याभल्यांना माघारी पाठवलं. तिनं मला बिस्किटाचा चुराही खाऊ घातला आणि हरल्यावर दोनदा गादीवर आपटलंही, पण ते प्रेमातलं.

मुंगीची आई केस कापायची. अकरा वर्षं ती एकाच दुकानात, एकाच खुर्चीमागे उभी होती. एके दिवशी भांडी घासताना तिच्या हातात काचेची बरणी फुटली आणि उजव्या अंगठ्याची शीर कापली गेली. शस्त्रक्रिया झाली, हात कितीतरी आठवडे पट्टीत राहिला. पट्टी सुटली तेव्हा अंगठा होता, पण परक्यासारखा. पुढे जा म्हटलं की अडायचा, थांब म्हटलं की थरथरायचा.

मित्रांनो, केस कापायच्या कात्रीचं एकच पातं हलतं, आणि ते अंगठा हलवतो. बाकीची बोटं नुसती धरून असतात. मग आईच्या मनात काय चाललं असेल ते तुम्हीच समजा.

व्यायाम शिकवणाऱ्या ताई घरी यायच्या. त्यांनी वाटाणे उचलायला दिले, कपड्यांचे चिमटे दाबायला दिले. आईला भारी कंटाळा यायचा.

"अंगठा हळू मागे यायला हवा आणि सरळ पुढे जायला हवा. मोजून मापून," ताई म्हणाल्या.

"अहो ताई, हे तर माझ्या गेममध्ये आहे!" मुंगी धावत आली ती मला घेऊनच. "हे बघा. मागे... आणि पुढे!"

ताईंनी स्वतः पाच चेंडू टाकून पाहिले. पाचही भलतीकडे गेले, तशा त्या हसल्या. "चालेल. सकाळी पंधरा मिनिटं, संध्याकाळी पंधरा मिनिटं. दुखलं की थांबायचं."

अशी माझ्या आयुष्यातली सर्वांत मोलाची नोकरी सुरू झाली. आईचा अंगठा माझ्यावर टेकला तेव्हा मला पहिल्यांदा कळलं, 'थोडंसं' किती कष्टाचं असतं ते. मुंगी शेजारी मांडी घालून बसायची आणि गुरुजी व्हायची.

"आई, अगं प्रेक्षकांत काय टाकतेस! तो बिचारा बसून खातोय."

"मग झेलू दे की त्याला. फुकट मिळतोय."

"आई, हसू नकोस, अंगठा हलतो!"

आतून बाबा विचारायचे, "माझी भांडी झाली. तुमचा सामना कुठवर आला?" बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे आणि हल्ली स्वयंपाकघरही त्यांच्याकडेच होतं.

"आई हरतेय!"

"मग आज पोळ्याही मीच लाटतो. हरलेल्या माणसाच्या हातची पोळी गोल होत नाही."

"तुम्ही जिंकूनही कधी गोल लाटलीत?" आई म्हणायची, आणि पुन्हा मला मागे ओढायची.

आईनं मनाशी एक पण केला होता. सरावाच्या पडद्यावर सलग दहा चेंडू सरळ गेले, की कात्री हातात घ्यायची. त्याआधी नाही. "लोक विश्वासानं मान खाली घालून बसतात," ती म्हणायची. "कुणाच्या कानाशी मी थरथरता हात नेणार नाही."

आठवडा गेला, दोन गेले, पाच गेले. थरथर थांबली, वेळ अचूक साधू लागली. पण चेंडू डावीकडे जायचा तो जायचाच. रोज, प्रत्येक वेळी.

आता मला जे सांगायचंय ते सांगताना लाज वाटते. दोष माझा होता. माझ्या पोटातली आडवी पट्टी एका बाजूनं झिजत चालली होती. मी सरळ उभी असले तरी आतून ती सांगायची, 'ही जरा डावीकडे आहे.' आई जसजशी सुधारत गेली, तसतशी मी झिजत गेले. तिनं रोज एक पाऊल पुढे टाकावं आणि मी तिला रोज एक पाऊल मागे ओढावं, असं चाललं होतं. माझा जीव तुटायचा, पण दांडीला तोंड कुठे असतं?

आणि माझ्यावर संशय तरी कोण घेणार? मुंगीचे चेंडू सरळ जात होते. जुन्या कुलपाची किल्ली घरचा माणूस नकळत जरा उचलून फिरवतो ना, तशी ती मला नकळत उजवीकडे लोटायची. इतक्या वर्षांची आमची ओळख, अंगठा आपोआप सावरून घ्यायचा, तिलाही पत्ता नव्हता. "बघ आई, माझा सरळ जातो की नाही? म्हणजे दांडी चांगलीये," ती समजावून सांगायची. पडद्याच्या कोपऱ्यात एक पिवळा ठिपका दिसायचा, मी कुठे झुकलेय ते दाखवणारा. तो डावीकडे असायचा खरा, पण आईचा अंगठा माझ्यावर असायचाच. मग दोष अंगठ्याचाच, नाही का?

दुकानाच्या मालकीणबाई भल्या होत्या. त्यांनी आईची खुर्ची तीन महिने कुणाला दिली नव्हती. पण त्यांनाही दुकान चालवायचं होतं. "शुक्रवारपर्यंत सांग. कात्री नाही जमली, तर फोन घ्यायला आणि वेळा लिहून ठेवायला ये. तू मला हवीच आहेस," त्या म्हणाल्या होत्या.

शुक्रवारी दुपारी आईनं दहा चेंडू टाकले. दहाही डावीकडे गेले.

तिनं मला अलगद टेबलावर ठेवलं, ओढणीनं हात पुसला आणि फोन उचलला.

"कुणाला?" मुंगीनं विचारलं.

"मालकीणबाईंना. फोन घ्यायचं काम काही वाईट नसतं गं. बसून असतं."

मुंगीनं तोंड फिरवलं. आईकडे पाहवेना म्हणून ती पडद्याकडे पाहत राहिली. आणि एकदम ओरडली, "आई! फोन ठेव! ठेव आधी!"

"अगं, काय झालं?"

"ठिपका बघ. डावीकडेच आहे!"

"असेना का."

"अगं पण अंगठा कुणाचाय त्यावर?"

आईनं माझ्याकडे पाहिलं. मी टेबलावर एकटी होते. "कुणाचाच नाही," ती हळूच म्हणाली.

जन्मात पहिल्यांदा मला पकडलं गेल्याचा आनंद झाला!

बाबा लिफ्टचं काम संपवून आले, तर दारातच दोघींनी त्यांना धरलं. त्यांनी कंट्रोलर उघडला. "पट्टी झिजलीये हिची," ते म्हणाले. माळ्यावर वायर तुटलेला एक जुना कंट्रोलर पडला होता, त्यातली दांडी ठणठणीत होती. बाबांनी तापलेल्या सळईनं माझे धातूचे टाके एकेक करून सोडवले, मला बशीत ठेवलं आणि माझ्या जागी तिला बसवलं. टेबलावर ठेवून तिघांनी ठिपका पाहिला. बरोबर मधोमध.

"टाक आई!"

पहिला चेंडू गेला तो उजवीकडे. दुसरा उजवीकडे. तिसराही.

मुंगीचा चेहरा पडला. "आता उजवीकडे?"

बाबांनी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. आई मात्र पडद्याकडे टक लावून बसली होती. तीनही चेंडूंच्या खुणा एकीवर एक, एकाच जागी उमटल्या होत्या. आणि आई हसायला लागली. हसता हसता तिचे डोळे भरून आले.

"अगं, इतके दिवस ती डावीकडे ओढत होती आणि मी तिला उजवीकडे लोटत होते! मला ठाऊक नव्हतं, पण याला ठाऊक होतं," तिनं अंगठा वर करून दाखवला. "तीनही एकाच जागी गेले, बघितलंस? ऐकतोय हा माझं!"

मग अंगठ्याला म्हणाली, "आता नको लोटूस, बाळा. आता ओढणारं कुणी नाही."

चौथाही जरा उजवीकडे गेला. पाचवा सरळ गेला. सहावा सरळ. मुंगी मोजत होती आणि बाबा श्वास रोखून उभे होते. सलग दहा झाले तेव्हा मुंगी नाचायचीही विसरली. आईनं कपाटातून कात्री काढली, अंगठा तिच्या कडीत घातला आणि हवेत चालवली. कच्, कच्, कच्. एका मापात. मग फोन लावला.

"मालकीणबाई, सोमवारी येतेय. हो, कात्री घेऊन. खुर्ची पुसून ठेवा माझी."

मित्रांनो, आता मी स्क्रूच्या डबीत असते. कामावरून काढल्याचं मला दुःख नाही. हजारो चेंडू फेकले, पण मला अभिमान वाटतो तो त्या अंगठ्याचा. मी वाकडी असताना तो सरळ जायला शिकला, आणि तेही शिकतोय हे कुणी सांगितलेलं नसताना.

तुमच्या घरच्या दांड्यांना जपा. खाऊन झालं की हात धुऊन मग खेळा, हरलात तर आपटू नका. आणि कुणाचा हात पुन्हा पुन्हा चुकतोय असं वाटलं, तर त्याला बोल लावण्याआधी त्याच्या हातातली वस्तू घटकाभर टेबलावर ठेवून बघा. मला त्या दिवसांत हे ओरडून सांगायचं होतं, जमलं नाही. म्हणून तुम्हाला सांगितलं.