मुद्दाम केलेली चूक

वाटूरच्या शाळेत गणित शिकवताना जगन्नाथ सर फळ्यावर मुद्दाम एक चूक करायचे आणि थांबायचे. मागच्या बाकावरून कोणीतरी ओरडायचंच, "सर, चुकलं." मगच ते पुसून पुढे जायचे. गप्प बसणाऱ्या वर्गाला ते मेंढरं म्हणायचे.

निवृत्तीनंतर जालन्यातल्या एका कंपनीने त्यांना मोबाइलवर गणित शिकवायला घेतलं. पहिल्याच दिवशी कॅमेऱ्यासमोर त्यांनी सवयीने लिहिलं, उणे दोन गुणिले उणे तीन बरोबर उणे सहा. आणि थांबले. खोलीत फक्त पंख्याचा आवाज होता.

"सर, अटकले का? घ्या की पुढं," कॅमेऱ्यामागून पप्पू म्हणाला. सर गडबडले आणि तसेच पुढे गेले.

चूक पुसायची राहिली हे त्यांना घरी जेवताना आठवलं. सकाळीच ते ऑफिसात व्हिडिओचं काम बघणाऱ्या तृप्तीकडे गेले.

"तो धडा काढून टाक. त्यात चूक राह्यली."

"कालच टाकला सर. हजारो पोरांनी पाह्यला, एकाचीबी तक्रार न्हाई. मंग कशाला काढायचा?"

तिने मोबाइल त्यांच्यापुढे धरला. धड्याखाली पोरांनी ओळीने लिहिलं होतं, "सर, बिलकुल बराबर समजलं."