मुश्ताकभाऊंनी चाखणं सोडलं

मी देग बोलतेय. अहेरीच्या मुश्ताकभाऊ आचाऱ्यांचं पंगतीचं मोठं तांब्याचं भांडं. हलवायची तर दोन माणसं लागतात. एरवी माझ्या पोटात जाळाशिवाय उकळी येत नाही. आज मात्र नुसत्या चिडीनं आली आहे, म्हणून बोलते.

भाऊंच्या वडिलांनी मला घरात आणलं. तेव्हापासून आसपासच्या गावांतली लग्नं, बारशी माझ्यात शिजली. कधी पुलाव, कधी डाळ-मटणाचा दालचा, बौद्ध वस्तीत कार्य असलं की वांग्याची भाजी. रस्सा उकळला की मुश्ताकभाऊ दोन थेंब तळहातावर घेत, फुंकर मारून चाटत आणि डोळे मिटून म्हणत, "हं." त्या "हं"साठी मी कितीही जाळ सोसायची.

मग भाऊंची साखर वाढली, गुडघे धरले. कोणीतरी त्यांना मोबाईलवर एक व्हिडिओ दाखवला आणि त्यांनी ठरवून टाकलं, यापुढं फक्त कच्चं खायचं. चुलीवर चढलेलं काही नको, दूध-तूप नको, मटण तर नकोच. आठवडी बाजारातून पपया, काकड्या, बीट येऊ लागलं. उन्हाळ्यात रानची फळं, टेंभरं आणि चारं. खायचे भाऊ, पण धुऊन-चिरून द्यायची त्यांची बायको जैनब. घरच्यांसाठी चूल पेटवायची ती वेगळीच.

खोटं कशाला बोलू? भाऊ हलके झाले. साखर उतरली, डॉक्टरही खूश झाले. मलाही बरं वाटलं. पण एक दिवस ते म्हणाले, "आता चुलीवरचं चाखाले बी जिभेले लावणार नाई."

"मंग पुलावाचं मीठ कसं कळन तुमाले?" जैनबनं विचारलं.

"हाताले अंदाज हाय माह्या."

अंदाज! चामोर्शीला जिशान नावाच्या पोराच्या लग्नानंतरचं, वलिम्याचं जेवण होतं. भाऊंनी रश्शात मीठ घातलं, तेवढ्यात जिशानचे मामा आले. "भाऊ, किती बारीक झाले! काय खाऊन राह्यले?" झालं, भाऊ सुरू झाले. पपईचे गुण, बिटाचे गुण, शिजवल्यानं अन्नातलं काय काय मरतं ते. बोलता बोलता त्यांचा हात मिठाच्या भांड्यात गेला आणि तेवढंच मीठ पुन्हा माझ्यात पडलं. मी उकळ्या फोडत होते. एक थेंब घ्या हो, एकच! ते टेंभरावर बोलत राहिले.

पंगत बसली. पहिला घास गेला आणि जो तो पाणी मागू लागला. जिशानच्या अब्बांनी हॉटेलातून भात-भाजी मागवली. माझ्यातला पुलाव खड्ड्यात ओतला गेला. इतक्या वर्षांत माझ्यावर ही वेळ कधी आली नव्हती.

घरी आल्यावर जैनब म्हणाली, "अजी, पोट तुमचं हाय, त्यात काईही टाका. पन लोकाईचं तोंड तुमचं नाई. चाखा, नाईतर डाव मले द्या."

भाऊंनी डाव तिच्या हातात दिला.

तेव्हापासून जैनब रांधते. हाताला चव आहे तिच्या. पण घर, भाऊंची फळं आणि वर मी, तिची कंबर मोडून जाते. भाऊ लांब झाडाखाली खुर्ची टाकून बसायचे. माझ्याकडं बघायचेसुद्धा नाहीत, जणू मी कुठली घाण आहे. काय चीड यायची मला!

आज सकाळी आलापल्लीच्या लग्नासाठी मला टेम्पोत चढवलं, तर भाऊ म्हणाले, "मी येत नाई."

जैनब भडकलीच. "काऊन? येवढी किळस येते आता आमची?"

भाऊ टेम्पोची फळी धरून उभे राहिले. मग म्हणाले, "किळस नाई, जैनब. वास आला का जीव कासावीस होते. एक थेंब घेतला, त मी थांबणार नाई. मले मालूम हाय माह्यावालं."

जैनबचा राग कुठल्या कुठं गेला. "मंग हे आधी सांगाचं होतं न," ती हळूच म्हणाली. डब्यातल्या पपईच्या फोडी त्यांच्या हातात देऊन ती माझ्याशेजारी चढून बसली.

तिचा राग गेला, माझा नाही. एवढं एक वाक्य पोटात दाबून या माणसानं सगळ्या मुलखाला पपई शिकवली. खा ना बाबांनो, कच्चं खा, शिजलेलं खा, मी कोण अडवणारी? पण मोह होत असेल, तर मोह होतो म्हणा. आम्हाला नाक कशाला मुरडता?

टेम्पो सुटला. भाऊ रस्त्यात उभे होते, फोडी तशाच हातात धरून.