फळी काढल्यावर

पाणी उतरायला लागलं की आमच्या वस्तीतल्या बायांचं डोकं फिरतं, आणि पुरुषांना अचानक दोऱ्या वळत बसायची हौस येते. घरं खोल पाण्याकडे न्यायची असतात. जो आधी निघेल त्याला तळ्यात बरी जागा मिळते. उशीर करणाऱ्याचं घर चिखलात रुततं, मग पुढचं पाणी चढेपर्यंत त्याने तिथेच डास मारत बसावं. माझा नवरा रिथी दरवर्षी उशीर करतो. यंदाही आजूबाजूची सगळी घरं गेली, आणि मागे उरलो आम्ही आणि शेजारची थावरी, माझी थोरली नणंद. दोन्ही घरं आपापल्या तराफ्यावर, मध्ये जेमतेम एका फळीचं पाणी.

आमचा पोव अजून दोन वर्षांचा व्हायचाय. चालायला तो शिकलाच नाही, एकदम धावायलाच लागला. एरवी त्याच्या कमरेला दोरी असते आणि दोरीचं दुसरं टोक घराच्या मधल्या खांबाला. इथे सगळ्यांची पोरं अशीच वाढतात. पण दुपारचा तो झोपतो थावरीकडे, कारण तिच्या झोळीला वारा लागतो आणि आमच्याकडे त्याचा बाप सतत कुठलंतरी इंजिन उघडून बसलेला असतो. उठला की रडणं नाही, हाक मारणं नाही. डोळे अर्धे मिटलेले, तसाच झोळीतून घसरतो, दाराचा पडदा सारतो आणि फळीवरून धावत आमच्या दारात. समोर मी हात पसरून उभी असतेच. हे रोजचं.

त्या दिवशी सकाळपासून माझी रिथीवर आरडाओरड चालली होती. रोवलेल्या बांबूंपासून घर मोकळं केलंस का, तराफ्याखालची पिंपं ठोकून बघितलीस का, पाण्यातल्या देवतेपुढे केळी आणि उदबत्ती ठेवलीस का. तो “हो” म्हणायचा आणि काहीच केलेलं नसायचं. शेवटी तो म्हणाला, “पोवच्या आई, तू जरा गप्प बसलीस तर घर आपोआप हलेल.”

“मी गप्प बसले तर तूही हलणार नाहीस,” मी म्हटलं.

घर ओढून नेताना पोराला बांधत नाहीत. तराफा फुटला, घर कललं, तर बांधलेलं पोर घराबरोबर खाली जातं. म्हणून त्या दिवशी लहान पोर दुसऱ्याच्या घरी ठेवायचं, ही आमच्याकडची रीत. थावरीचं घर दुसऱ्या दिवशी निघणार होतं. मी पोवची दोरी सोडली आणि जेवू घालून त्याला तिच्याकडे नेलं.

“बोंग, याला झोपवून जाते. लक्ष ठेव,” मी म्हटलं. थोरल्या नणंदेला आम्ही बोंगच म्हणतो.

“अगं, माझी चार पोरं याच पाण्यावर वाढली. आता तू मला शिकव लक्ष ठेवायला.”

“तुझी पोरं गरीब होती. हा तुझ्या भावावर गेलाय.”

“माझ्या भावावर गेला असता तर अजून झोळीतच लोळत असता,” थावरी म्हणाली, आणि दोघी हसलो.

पोव झोपला. मी फळीवरून घरी आले. रिथीने फळी ओढून आत टाकली. रिथी आणि थावरीचा नवरा मोठ्या होडीत बसले, पुढून लांब दोराने घर ओढायला. मी मागच्या बाजूला लांब बांबू घेऊन उभी राहिले, कारण घर कडेच्या झुडपांकडे कललं की मागून कुणीतरी ढकलावं लागतं. इंजिन धडधडलं, पिंपं एकमेकांवर आपटली, आणि माझं घर निघालं. थावरीचं घर मागे लहान होत गेलं.

बरंच पुढे आल्यावर मी घाम पुसायला आत वळले आणि माझा पाय त्या फळीला अडखळला. पोवच्या पावलांनी मधोमध गुळगुळीत झालेली ती फळी आमच्या घरात पडली होती.

पोव उठेल. डोळे अर्धे मिटलेले, झोळीतून घसरेल, पडदा सारेल आणि धावेल. तो खाली बघत नाही, कधीच बघत नाही. त्याला फळी असते हे माहीत आहे, समोर आई असते हे माहीत आहे. आणि थावरीच्या दाराला कवाड नाही, पडदाच आहे.

मी थावरीला पडदा बांधून घ्यायला सांगितलं होतं का? आठवेना. कितीही डोकं खाजवलं तरी आठवेना.

मी फोन काढून तिला लावला. फोन वाजला तो माझ्याच घरात, भांड्यांच्या टोपलीशेजारी. तिने आदल्या रात्री आमच्या बॅटरीवर चार्ज करायला दिला होता. तो तिथे पडून वाजत होता आणि मी त्याच्याकडे बघत उभी होते.

मग मी पुढच्या बाजूला धावले. “थांबव! पोवच्या बापा, होडी थांबव!” दोर लांब, इंजिनचा आवाज मोठा. रिथीने मागे न बघताच हात हलवला. सकाळपासून ऐकतोय तेच असणार, असं वाटलं असेल त्याला. मी आणखी ओरडले. त्याने आणखी एकदा हात हलवला. त्या हाताचा मला इतका राग आला की काय सांगू, पण रागावत बसायला वेळ नव्हता.

मागे आमची छोटी होडी बांधलेली होती. बांबू टाकला, होडीत उडी मारली, दोर सोडला आणि वल्हं मारायला लागले. घर मला सोडून पुढे निघून गेलं. त्याच्या मागे आता कुणी नव्हतं, ते कुणाच्या जाळ्यात घुसो नाहीतर आडवं होवो.

वल्हवताना मी मनात फक्त एक म्हणत होते, झोप, राजा, झोप. जन्मल्यापासून ज्याच्या झोपेसाठी मी झोळी हलवली तो नेमका कधी उठतो हे मला चांगलं ठाऊक होतं, आणि ती वेळ झाली होती. जलपर्णी वल्ह्यात अडकत होती. मी हाताने उपटून फेकत होते आणि शिव्या देत होते, पाण्याला, रिथीला, थावरीला, सगळ्यांना.

आमची जागा दिसली तेव्हा मला ती ओळखूच आली नाही. घर बांधायचे चार रोवलेले बांबू, घराखाली साठलेला कचरा वर आलेला, आणि त्याच्याभोवती गढूळ पाणी. थावरीच्या दाराचा पडदा एका बाजूला सरकलेला होता.

मी आत शिरले. झोळी रिकामी. हात लावला, अजून कोमट होती.

मागच्या ओट्यावर थावरी प्राहोकसाठी, खारवून आंबवायची मासळी कुटत होती, दणादण. “बोंग! पोव कुठंय?”

“झोपलाय की,” ती म्हणाली, मुसळ तसंच वर धरून. मग तिने माझा चेहरा बघितला. मुसळ खाली पडलं. “आत्ता बघून आले गं मी. आत्ताच!”

ती “पोव, पोव” करत घरभर धावायला लागली. मी थांबलेच नाही. सरळ दारातून पाण्यात उतरले.

पाणी छातीपर्यंत होतं. खाली चिखल, पाय ओढला तर चप्पल राहिली आत. मी वाकून दोन्ही हातांनी तळ चाचपायला लागले. तराफ्याखाली गेलेलं पोर सापडत नाही, हे इथल्या प्रत्येक बाईला माहीत असतं आणि कुणीच बोलत नाही. हाताला फुटकं मडकं लागलं. जाळ्याचा तुकडा लागला. एक मऊ, लिबलिबीत काहीतरी लागलं. बाहेर काढलं तर सडकी चटई. मी ती फेकली आणि पुन्हा बुडी मारली. वर आले की “पोव! पोव!” ओरडायचं आणि खाली जायचं. देवाला काय काय कबूल केलं ते मलाच आठवत नाही. असं करत करत मी आमच्या घराच्या रिकाम्या जागेच्या पार पलीकडच्या टोकाला पोचले, जिथे माझी चूल असायची.

तिथे वर आले, तोंडावरचं पाणी पुसलं, आणि थावरीच्या दारात पोव उभा दिसला.

नंतर कळलं, तो प्राहोकच्या रांजणांमागे बसला होता. धावत आला असणार, पडदा सारला असणार आणि समोर घर नाही. घाबरून अंधारात जाऊन बसला. त्याचं घर गेलं होतं, आई गेली होती, आणि आता आई पाण्यातून त्याला हाका मारत होती. म्हणून तो आला होता. पायाची बोटं तराफ्याच्या काठाबाहेर, डोळे सताड उघडे.

“आई?” तो म्हणाला. आणि एक पाय उचलला.

थावरी मागच्या बाजूला होती, त्याचं नाव घेत. मी पोचेपर्यंत तो पाण्यात आणि पाण्यातून तराफ्याखाली गेला असता. ओरडावंसं वाटलं. पण “थांब” म्हटलं की पोव दुप्पट पळतो. माझा आवाज चढला की त्याला तो पकडापकडीचा खेळ वाटतो. रोज हसत हसत पळतो तो माझ्या ओरडण्यावर. माझ्या तोंडात दुसरं काही होतंच कुठे? जन्मात पहिल्यांदा मला माझ्या आवाजाची भीती वाटली.

मी पाण्यातून हात वर काढला. बोटं जुळवली, जशी घास करताना जुळवतात.

“पोव,” मी हळू म्हटलं. “मम्मं. मम्मं करायचं?”

पाय हवेतच राहिला.

“मग बसायचं. उभ्याने मम्मं नाही मिळत ना? बस बघू.”

एवढी एकच शिस्त मी त्याला लावू शकले होते. उभ्याने घास नाही. तो माझ्या हाताकडे बघत राहिला. मग पाय खाली ठेवला, आणि दोन्ही हात टेकून, ढुंगण मागे करून, काठावर बसला. तोंड उघडलं.

मी चालायला लागले. चिखल एकेक पाऊल धरून ठेवत होता. घाई केली तर मी पडणार, पडले तर तो उठणार. हात तसाच पुढे, आवाज तसाच हळू. “हा घास बगळ्याचा. मोठं तोंड कर. हा घास पाणकावळ्याचा. अजून मोठं.” माझे दात एकमेकांवर वाजत होते आणि मी हसत होते. माझ्या मागे-पुढे काही नव्हतं, फक्त ते उघडं तोंड आणि त्यातले खालचे दात. मध्येच त्याने कंटाळून मान वळवली. “हा घास पोवच्या बापाचा!” मी म्हटलं, आणि तो पुन्हा वळला, कारण बापाचा घास खायला त्याला फार आवडतो.

माझी बोटं त्याच्या घोट्यावर मिटली. मग मी दुसराही पाय धरला. मग कंबर. मी त्याला इतकं घट्ट धरलं की तो कण्हला.

त्याने माझा हात ओढून मूठ उघडली. आत चिखल. पोवने माझ्या तोंडावर चांगली चापट मारली आणि भोकाड पसरलं. “मम्मं! मम्मं!”

तो आवाज ऐकून थावरी पुढे आली, आणि दारातच मटकन बसली. रडत रडतच तिने पातेल्यातला भात आणला. पोव माझ्या मांडीवर बसला, पण घास मला भरवता येईना. भात त्याच्या तोंडात न जाता छातीवर सांडत होता. शेवटी थावरीनेच भरवलं. तो जेवला, ढेकर दिला आणि माझ्या भिजलेल्या कपड्यांवर पुन्हा झोपला.

थावरीच्या नवऱ्याला घरावर ठेवून रिथी इंजिनची होडी घेऊन परत आला तेव्हा आम्ही अजून तिथेच होतो. मागे वळून बघतो तर घरात बायको नाही, छोटी होडी नाही. तो काहीतरी बोलायला तोंड उघडणार होता. थावरीने त्याला सांगितलं. तो पाण्यात उतरला, दाराखाली उभा राहिला आणि पोवच्या लोंबणाऱ्या पायांवर कपाळ टेकून तसाच राहिला.

आता आम्ही खोल पाण्यात आहोत. जागा बरी मिळाली नाही, पण घर आहे, खांब आहे, दोरी आहे. दाराला रिथीने लाकडी फाटक बसवलंय, मी न ओरडता. फक्त एक झालंय. मी घास धरला की पोव पूर्वीसारखा लगेच बसत नाही. आधी जवळ येतो, माझी मूठ उघडतो, आत भात आहे का बघतो आणि मगच बसतो. थावरी म्हणते, पोरगं शहाणं झालं. मला हसू येत नाही. पुन्हा तसा तो काठावर उभा राहिला आणि माझ्या हातात काही नसलं, तर तो बसणार नाही. म्हणून मी रोज सकाळी गळ्यातल्या क्राम्याच्या, चौकड्यांच्या पंचाच्या, टोकाला मूठभर भात गाठ मारून बांधते. दुपारपर्यंत तो वाळून खडा होतो. तो आहे ना, हे दिवसातून किती वेळा मी चाचपून बघते, ते मला विचारू नका.