चेहरा एकीचा, नाव दुसरीचे

मित्रांनो, मी एक जुना मॉनिटर आहे आणि माझे काम एका वाक्यात सांगता येते. संगणक आतून जे पाठवतो, ते मी काचेवर दाखवतो. आत चुकीचे रचले गेले, तर मी चुकीचेच दाखवणार. तसे न केल्यास मीच खोटा ठरेन. हे मी आरंभीच सांगून ठेवतो, कारण एवढी साधी गोष्ट ध्यानात न घेतल्यामुळे माझ्या आयुष्यातील बहुतेक अपमान झाले आहेत.

दूरच्या एका कारखान्यातून थर्माकोलमध्ये गुंडाळून मला रिसोडच्या बसस्थानकासमोरील नेट कॅफेत आणण्यात आले. तेथे दहावीचा निकाल पाहण्यासाठी माझ्यापुढे झुंबड उडे. उत्तीर्ण झालेले माझ्यापुढे पेढा ठेवत. अनुत्तीर्ण झालेले माझ्याकडे असे बघत, जणू गुण मीच कापले. पुढे प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आला, कॅफे बंद पडला आणि मी एका अडत दुकानाच्या मागील खोलीत सोयाबीनची धूळ खात पडलो.

तेथून मला बाहेर काढले बबनरावांनी. पोहरादेवीच्या रामनवमीच्या यात्रेत त्यांचे मंडळ हरवलेल्या माणसांसाठी कक्ष चालवते. कोणी चुकले-माकले की त्याचा फोटो काढायचा, विचारून नाव लिहायचे आणि त्याला एखाद्या मंडपात बसवायचे. हे सारे एका सॉफ्टवेअरमध्ये भरले जाई आणि त्याची लांब यादी माझ्यावर वरखाली सरके. संगणक सांभाळत होता किन्हीराजाचा संघदीप आणि ध्वनिक्षेपकावरून पुकारा करत होती रेणू.

गर्दी वाढली, यादी लांबली आणि खोड सुरू झाली. माउसचे चाक जोरात फिरवले की वरच्या ओळीतील चेहरा खालच्या नावाशेजारी चिकटून राही. कधी ओळीची अर्धी पट्टी दुसरीवर चढे, आणि एका आजोबांच्या मिशा एका तान्ह्या मुलीच्या नावापुढे येऊन बसत. बबनरावांनी माझ्या पाठीत थाप मारली. फरक पडला नाही, म्हणून आणखी जोरात मारली. संघदीपने तार बदलली, काच पुसली, संगणक बंद करून पुन्हा सुरू केला. खोड तशीच राहिली आणि दोष मात्र माझ्या नावावर जमा झाला.

अशात बादल नावाचा तरुण धापा टाकत आला. त्याची आई, रंगूबाई, सकाळपासून हरवली होती. ती कानांनी अधू असल्यामुळे पुकारा तिला ऐकू जाणे शक्य नव्हते. त्यांच्या तांड्याची, म्हणजे बंजारा वस्तीची, जीप माणसे भरून उभी होती; दूरचा पल्ला होता, आणि चालक अंधाराआधी घाट उतरायचा म्हणून हॉर्न वाजवत होता. यादीत ‘रंगूबाई’ हे नाव शोधूनही सापडेना. तेव्हा यादी सरकवून चेहरे पाहणे एवढाच मार्ग उरला. बादलने एका चेहऱ्यावर बोट ठेवले. “हेच माही याडी,” तो म्हणाला; त्यांच्या बोलीत याडी म्हणजे आई. चेहऱ्यापुढे नाव होते तुळसाबाई, मुक्काम पाण्याच्या टाकीजवळचा मंडप. कोणीतरी नाव चुकीचे लिहिले असेल, असे सर्वांनी गृहीत धरले. तो गर्दी कापत धावला आणि परत आला तो ओरडतच.

“तिथं दुसरीच बाई बसून हाय. माणसाची माय बी तुमी बदलून देता काय?”

बबनराव माझ्याकडे वळले. “या डब्ब्यानंच घात केला. फेका याले. रिसोडवरून नवा आणतो.”

नवा येईपर्यंत संध्याकाळ झाली असती आणि जीप निघून गेली असती. मला तोंड असते, तर मी त्या मंडपात भर दुपारी शास्त्रार्थ मांडला असता. माझ्या वतीने तो संघदीपने मांडला. त्याने संगणकातूनच स्क्रीनशॉट काढला आणि रेणूच्या मोबाइलवर पाठवला. तिच्या पडद्यावरही तुळसाबाईच्या नावापुढे रंगूबाईचाच चेहरा होता.

“भाऊ, मोबाइलवर बी तेच दिसून राह्यलं,” रेणू बबनरावांना म्हणाली. “मंग या डब्ब्याले कायले मारता?”

संघदीपने कारण सांगितले, ते मला पुरते पटले. पंगतीत ताटे मोजकीच असतात. एक पंगत उठली की तीच धुऊन पुढच्यांसमोर येतात. हे सॉफ्टवेअरही ओळींच्या मोजक्याच चौकटी पुनःपुन्हा वापरत होते. मात्र घाई झाली की ताट न धुताच पुढच्याला वाढत होते. आधीच्याचा चेहरा तसाच चिकटून राही. म्हणून त्याने यादी सरकवणे सोडले आणि आसपासची एकेक नोंद स्वतंत्र उघडू लागला. तेथे चेहरा ज्याचा त्यालाच मिळत होता.

अखेर रंगूबाईची खरी नोंद उघडली. नावाच्या जागी लिहिले होते, ‘रतनसिंग नायकाचा तांडा’. कोण म्हणून कानाशी ओरडून विचारल्यावर म्हातारीने रीतीप्रमाणे आधी नायकाचे, म्हणजे तांड्याच्या प्रमुखाचे, नाव सांगितले होते आणि लिहिणाऱ्याने तेच नाव समजून उतरवले होते. त्याखाली मुक्काम होता, ‘हाच मंडप, पडद्यामागे’.

बादलने माझ्यामागचा पडदा सरकवला. रंगूबाई पोत्यावर बसून शांतपणे चुरमुरे खात होती. तो तिच्या पायाशीच बसला. “याडी,” म्हणत त्याने तिला उठायला हात दिला. बाहेर हॉर्न वाजला. जाता जाता तिने काचेवर स्वतःचा चेहरा पाहिला, बादलच्या बोटांचे डाग त्यावर उमटले होते. तिने आरसे जडवलेल्या ओढणीच्या टोकाने ते हळूच पुसले. इतक्या वर्षांत मला कोणी इतक्या मायेने पुसले नव्हते.

येथे गोष्ट संपायला हवी होती. परंतु दुसऱ्या दिवशी बबनराव येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते की दोन थापा बसल्या, तेव्हा कुठे डबा ताळ्यावर आला. संघदीपने स्क्रीनशॉट जोडून सॉफ्टवेअर करणाऱ्यांना सविस्तर तक्रार लिहिली. उत्तर माझ्याच काचेवर उमटले आणि ते मला इमानाने दाखवावे लागले: ‘कृपया आपला मॉनिटर तपासून पाहावा.’

मित्रांनो, वस्तू जपा, धूळ पुसा, हे तर मी सांगेनच. पण त्याहून कळकळीची विनंती अशी की, वाईट बातमी दाखवणाऱ्यावर हात उगारण्याआधी ती बातमी आली कोठून, हे एकदा तपासून पाहा. बबनराव ते उत्तर वाचून आत्ताच हात उगारत माझ्या पाठीमागे येत आहेत.